सहा दिवस, तीन जंगलं आणि सासऱ्यांची पाठ

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही ठाण्याचे. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासरे (७१) आणि सासूबाई (६६). मुलगा वाघवेडा आहे. भिंतीवर वाघ, दप्तरावर वाघ, झोपताना वाघाचीच गोष्ट. या वर्षी सगळ्यांनी मिळून जंगल बघायचं ठरलंय. एका टूरवाल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यासाठी 'ताडोबा-पेंच-कान्हा, पाच रात्री सहा दिवस, सहा सफारी, वाघ नक्की' असं पॅकेज दिलंय. नवरा म्हणतो, समृद्धीने आपलीच गाडी काढू, आठ तासांत नागपूर. मुलाची परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपते, पण नवऱ्याला सुट्टी मेमध्ये घ्यायची सवय. सासऱ्यांना मणक्याचा त्रास आहे, सासूबाईंना मधुमेह. दोघंही 'आम्हाला मागे ठेवून जा' म्हणत नाहीत आणि मलाही त्यांना ठेवून जायचं नाही. सासूबाईंना 'हिरवंगार निसर्गसौंदर्य' बघायचंय. आणि वाघ दिसलाच नाही तर मुलगा हिरमुसेल, सासरे 'पैसे पाण्यात गेले' म्हणतील, ही धास्ती आहेच. काय करू?

— एक सून, ठाणे

ता.क. मुलासाठी दुकानात टांगलेला तो ठिपक्यांचा जंगल ड्रेस घ्यायचा का?

उत्तर

नमस्कार.

आधी ते पॅकेज बाजूला ठेवा. टूरवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा कागद नकाशासमोर धरून वाचलात की सहा दिवसांतले निम्मे दिवस रस्त्यात जातात हे तुम्हालाच दिसेल. ताडोब्याहून पेंचला जायचं म्हणजे परत नागपूरवरून वर चढायचं, चार-पाच तास. पेंचहून कान्हा तेवढाच. कान्ह्याहून नागपूरला परत यायला अडीचशेहून जास्त किलोमीटर. हे सगळं मेच्या उन्हात, आणि सोबत मणक्याचं दुखणं असलेला माणूस. प्रत्येक ठिकाणी पोहोचेपर्यंत सगळे थकलेले, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठायचं, दहाला परत आलं की सामान बांधायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

जंगल एकच घ्या आणि तिथे चार रात्री राहा. माझ्या मते तुमच्यासाठी ते ताडोबा.

का, ते सांगते. तुमच्या घरात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मुलाला वाघ हवा आणि सासूबाईंना हिरवाई. उन्हाळ्यात या दोन गोष्टी सहसा एका ठिकाणी मिळत नाहीत. वाघ दिसतो तोच मुळी जंगल सुकलं की. पानं गळतात, गवत बसतं, ओढे आटतात आणि जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. ताडोब्याचं जंगल सागाचं आणि बांबूचं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ते तपकिरी, पिवळं, धुळीने माखलेलं असतं. फोटोतलं हिरवं ताडोबा ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. गाभ्याचं जंगल, ज्याला सगळे कोअर म्हणतात, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. ते उघडलं की पावसाने धुतलेली झाडं आणि पुरुषभर उंचीचं गवत दिसतं. त्या गवतात दहा फुटांवर वाघ बसला असला तरी कळत नाही.

उन्हाळ्यातही हिरवं राहणारं जंगल हवं असेल तर कान्हा. तिथे सालाची झाडं आहेत, ती सागासारखी भुंडी होत नाहीत, आणि मध्ये मोठमोठी गवताळ मैदानं. बारशिंग्यासाठी तर कान्ह्याला पर्याय नाही. कठीण जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात १९७०च्या सुमारास ६६ जनावरांवर आली होती, ती तिथेच वाचली. पण नागपूरहून तिथवरचा रस्ता सासऱ्यांसाठी लांब आहे. कान्हा सासूबाईंच्या नावाने पुढच्या एखाद्या नाताळासाठी राखून ठेवा. पेंच नागपूरला सगळ्यांत जवळ. महाराष्ट्राच्या बाजूचं पेंच २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणजे रात्रीचं आकाश बघण्यासाठी तिथल्या भागात दिव्यांचा उजेड मुद्दाम कमी ठेवतात. मुलाला ताऱ्यांचं वेड लागलं की तिकडे जा. सध्या वाघाचं आहे.

आता महिना. मेचा दुसरा आठवडा टाळा. चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा पारा ४५च्या वर जातो, कधी ४७ला टेकतो, आणि जिप्सीला, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपला, टप नसतो. ज्यांना फक्त वाघाचा फोटो हवा असतो ते मुद्दाम तेव्हाच जातात, त्यांचं त्यांना लखलाभ. तुम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जा. मुलाची परीक्षा संपलेली असते, पाणवठ्यांवरची ये-जा सुरू झालेली असते, आणि ऊन कडक असलं तरी मेइतकं जीवघेणं नसतं. नवऱ्याला सुट्टी तीन आठवडे अलीकडे ओढायला लावा. या सगळ्या बेतात त्यांनी करायची तडजोड एवढीच आहे. म्हणजे, समृद्धीचं स्वप्न सोडल्यानंतर.

समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एकसुरी आहे, उन्हात टायर तापतात आणि सासऱ्यांना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावे लागणार. शिवाय नागपूर म्हणजे ताडोबा नव्हे. तिथून मोहर्लीचं फाटक आणखी तीन तास, आणि आत तुमची गाडी जात नाही. रात्रीची विदर्भ किंवा दुरांतो पकडा, सकाळी नागपूरला उतरा, पोटभर नाश्ता करा आणि तिथून एसी गाडी ठरवा. सासरे रात्री आडवे झोपून जातील हा मोठा फायदा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. एप्रिलमध्ये लग्नसराई आणि सुट्ट्या एकत्र येतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच हात मारा, आणि ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ मागायला विसरू नका.

मात्र रेल्वेच्याही आधी सफारी. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. लोक आधी हॉटेल ठरवतात, मग तिकिटं काढतात आणि शेवटी कळतं की कोअरच्या जागा संपल्या. क्रम उलटा ठेवा. ताडोबा प्रकल्पाचं अधिकृत संकेतस्थळ आहे, तिथे फाटक, तारीख आणि सकाळ-दुपार निवडून पूर्ण जिप्सी तुमच्या नावाने घ्या. एका जिप्सीत सहा पर्यटक, वर चालक आणि गाइड. गाइड घ्यावाच लागतो. तुम्ही पाच जण, म्हणजे एक जागा रिकामी राहील, ती राहू द्या. शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि गर्दीही. नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक जसा भरलात तसाच मूळ कागद फाटकावर दाखवावा लागतो, तेव्हा सासूबाईंचं आधार 'सुमन' आणि तुम्ही भरलेलं 'सुमनताई' असा प्रकार होऊ देऊ नका. मुलाचंही ओळखपत्र सोबत ठेवा.

टूरवाल्याकडूनच करायचं असेल तरी हरकत नाही. त्याला एवढंच विचारा: कोणतं फाटक? कोअर की बफर, म्हणजे कोअरभोवतीचं जंगल? जिप्सी पूर्ण आमची की अनोळखी लोकांबरोबर? आणि बुकिंगची पावती आमच्या नावाची आम्हाला कधी मिळेल? सहा सफारींपैकी चार बफरच्या निघाल्या तर ते पैशांत आधीच कमी व्हायला हवं होतं. 'वाघ नक्की' या शब्दांबद्दल मात्र त्याच्याशी वाद घालत बसू नका. जनावर त्याच्या पगारावर नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

कोअर म्हणजे गाभा, साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटर. त्याभोवती बफर, क्षेत्राने कोअरहून मोठं. बफर म्हणजे दुय्यम असं समजू नका. वाघाला सीमारेषा कळत नाही, आणि आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा या बफरच्या फाटकांवरूनही भरपूर वाघ दिसतात. फरक असा की बफरमध्ये माणसं राहतात. तुमची जिप्सी जाते त्या जंगलात पहाटे मोहफुलं वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गावातल्या बायका जातात. वाकून पानं तोडणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात असे जीव जातात. मुलाला हे घाबरवायला सांगू नका, पण लपवूही नका. भिंतीवरच्या वाघात हे नसतं. गाइड बहुतेक याच गावांतले असतात, मोहर्लीला बायकाही गाइड आहेत. त्यांना विचारा, ते न सजवता सांगतात.

आता दिवस. ताडोब्याचं कोअर मंगळवारी बंद असतं. बरेच जण मंगळवार टाळतात, तुम्ही तो मुद्दाम मध्ये घ्या.

शनिवारी रात्री गाडीत बसा. रविवारी सकाळी नागपूर, दुपारी जेवणाच्या वेळेला मोहर्ली. त्या दिवशी सफारी नको, काहीच नको. झोपा. सोमवारी सकाळी कोअर, पाचही जण. सोमवारी दुपारी बफर, फक्त तुम्ही तिघं. मंगळवार मोकळा. बुधवारी सकाळी पुन्हा कोअर, पाचही जण, आणि दुपारी कोअर, तिघं. गुरुवारी सकाळी शेवटची, ज्याला उत्साह असेल त्याने. जेवून नागपूर, रात्री तिथेच मुक्काम. शुक्रवारी दिवसभर नागपूर, रात्री गाडी, शनिवारी ठाणे. नवऱ्याची पाच दिवसांचीच रजा जाते, सगळ्या सफारी आडवारी येतात, आणि टूरवाल्याच्या सहाच्या जागी पाच सफारी होतात. फार काही हरवलं नाही.

सासू-सासऱ्यांनी फक्त सकाळच्या फेऱ्या कराव्यात, दुपारच्या नाहीत. उन्हाळ्यात सकाळची सफारी साडेपाचच्या सुमारास सुरू होते, पहिले दोन तास हवा गार असते. दुपारची सुरू होते तेव्हा जिप्सीच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नाही. खरी मजा तिच्या शेवटच्या तासात, पण तिथवर पोहोचायचं म्हणजे आधीचे दोन तास भाजून घ्यायचे. मुलगा घेईल. सासऱ्यांनी त्या वेळी खोलीत पंख्याखाली पडावं आणि 'काय दिसलं?' हे रात्री जेवताना ऐकावं.

जिप्सीत सासऱ्यांना चालकाच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. शेवटची रांग उंच असते, दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येते आणि प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट लागतो. फोटोग्राफर त्या जागेसाठी भांडतात, तुम्ही मुलाला तिथे बसवा. पाठीला पट्टा डॉक्टरांनी दिला असेल तर तो बांधूनच निघा, आणि बसायला घरची जाड उशी घ्या. हॉटेलची नको, ती धुळीने लाल होऊन परत येते. फाटकावरच चालकाला हळू सांगा, 'काका मागे आहेत, सावकाश.' बहुतेक जण ऐकतात. एखादा नाही ऐकला तर गाइडला सांगा.

सासूबाईंचं जास्त जपायला हवं. पहाटे पाचला निघून दहा-साडेदहाला परत, मध्ये ठरावीक थांबे सोडले तर खाली उतरता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवण यांच्या वेळा त्या दिवसांत कशा ठेवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. उपाशीपोटी गोळी घेऊन जिप्सीत बसू नका. निघताना दशमी-चटणी किंवा उपम्याचे चार घास हवेतच. कनवटीला साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या आणि गाइडला आधीच सांगून ठेवा की यांना मध्येच काही खायला लागेल. इन्सुलिन असेल तर ते उघड्या जिप्सीत तापू देऊ नका. पहाटे तुम्ही सगळ्यांना पाणी प्या म्हणाल आणि दोघंही 'नको, मग अडचण होते' म्हणतील. प्यायला लावा. स्वच्छतागृह कुठे आहे हे गाइडला सुरुवातीलाच विचारलं की ती भीती निम्मी होते.

बाकी तयारी किरकोळ. सुती, मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे. नाका-तोंडाला बांधायला ओढणी किंवा पंचा, ओला करून गळ्यात टाकला तर उत्तमच. अत्तर नको. पाणी घरच्या स्टीलच्या बाटल्यांतून. मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही, तो फाटकावर ठेवावा लागतो, म्हणून फोटो हवे असतील तर साधा का होईना कॅमेरा लागेल. पैसे घालायचेच असतील तर दुर्बिणीत घाला. ८×४२ची घ्या. जास्त मोठं करून दाखवणारी हातात थरथरते आणि मुलाला काहीच धड दिसत नाही.

मंगळवारी सकाळी लवकर चंद्रपूरला जा, तासाभराच्या आत पोहोचाल. सासूबाईंसाठी महाकालीचं देऊळ. चैत्र पौर्णिमेच्या आसपास तिथे मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक येतात, तेव्हा ती तिथी तुमच्या दिवसांत येते का पंचांगात बघून ठेवा. गर्दी नको असेल तर बाहेरूनच हात जोडा. सासऱ्यांसाठी गोंड राजांनी बांधलेला शहराचा परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, आणि त्यांवर हत्तीला लोळवणाऱ्या सिंहाची शिल्पं. शहराची वाहतूक आजही त्या दरवाज्यांतून जाते. अकराच्या आत परत या. ऊन उतरल्यावर मुलाला घेऊन आगरझरीचं फुलपाखरू उद्यान करता येईल, चालू आहे का ते फोन करून विचारा. आनंदवनही त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला आहे, पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका. मी आत्ताच तुमची दोन जंगलं कापली आहेत, ती दुसऱ्या दाराने आत आणायची नाहीत.

राहिला वाघ.

दिसण्याची शक्यता चांगली आहे. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते आणि त्यांतले बरेचसे चंद्रपूर जिल्ह्यात. पाच सफारींत बहुतेकांना दिसतो. 'बहुतेकांना' म्हणजे 'तुम्हाला' नव्हे, हे मुलाला निघण्याआधीच सांगा. आणि त्याला हातात काम द्या. एक वही द्या. तिच्यात वाघ नाही, वाघाच्या खुणा लिहायच्या.

पहाटेच्या रस्त्यावर रात्रीची धूळ बसलेली असते आणि तिच्यावर सगळं छापलेलं असतं. वाघाला दगड-काट्यांतून चालण्यापेक्षा मऊ धुळीचा रस्ता आवडतो, म्हणून तर तो जिप्सीवाल्यांना दिसतो. ठशात मागे मोठी गादी, पुढे चार बोटं, नखं नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. नखांचे टोचे दिसले तर तो रानकुत्रा. गाइड काठीने ठशाभोवती रेघ काढून दाखवतात: नराचा ठसा साधारण चौकोनात बसतो, वाघिणीचा लांबट आयतात. ठशावर जिप्सीच्या टायरची नक्षी असेल तर जनावर कालचं, टायरच्या नक्षीवर ठसा असेल तर आत्ताचं. नऊ वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की तो तुम्हाला पुढे बघूच देत नाही, सारखं 'थांबा, थांबा'. झाडाच्या बुंध्यावर वाघाने फवारा मारला असेल तर तिथे सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. त्या तांदळाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच वाघाच्या फवाऱ्यातही असतं. सासूबाईंना आधी हुंगायला सांगा, त्यांना पटकन ओळखू येईल.

मग कॉल, म्हणजे धोक्याची चाहूल लागलेल्या जनावराची हाक. गाइड एकदम हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो आणि सगळे कान देतात. चितळ भित्रं, ते कशालाही ओरडतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरलं तर त्याला काहीतरी दिसलंय. आणि सांबराने 'ढँक्' केलं तर चालक लगेच गाडी वळवतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. ती दहा मिनिटं, वाघ बाहेर येवो न येवो, अंगावर काटा आणणारी असतात. सासरेही तेव्हा पाठ विसरतील.

ताडोब्यात बघण्यासारखं एवढं असतं की वाघासाठी धावणारे ते बघतच नाहीत. तळ्यातल्या मगरी. मोहाच्या झाडाखाली डोकं खुपसून बसलेलं अस्वल. रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडताना चालक स्वतःहून मागे घेतो. टकाचोर, हळद्या, स्वर्गीय नर्तक, तुरेवाला सर्पगरुड, वहीची पानं भरतील. मोहर्लीकडून ताडोबा तळ्याकडे जाताना रस्त्याकडेला जुने दगडी खांब लागतात. गोंड राजाच्या काळात त्यांवरून दोर बांधून घंटांनी निरोप जायचा असं गाइड सांगतात. तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे, वाघाशी लढताना मेलेला गावप्रमुख, त्याच्याच नावावरून ताडोबा, आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरायची. जामणीला जिथे आज मोठं गवताचं मैदान आणि चितळांचे कळप दिसतात तिथे गाव होतं, ते बाहेर हलवलं. सासऱ्यांना अशा गोष्टींत रस असेल असा माझा अंदाज आहे, ७१च्या माणसांना असतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. चालकाला 'वाघ दाखव, खूश करतो' असं कुणी म्हणायचं नाही, नवऱ्यानेही नाही. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यात दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये अडकले. त्याचे व्हिडिओ फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवरून 'अजून पुढे घे' म्हणणारे घरी निघून गेले. तुम्ही चालकाला पहिल्याच दिवशी सांगा की गर्दी असेल तिथे आम्हाला नेऊ नका, एका पाणवठ्यावर गाडी लावून थांबू. असा पर्यटक मिळाला की गाइडचीही कळी खुलते. बक्षिसी शेवटी द्या, वाघ दिसला नाही तरी तेवढीच.

आणि तरीही नाही दिसला तर? सासऱ्यांच्या 'पैसे पाण्यात'वर माझ्याकडे उपाय नाही, ते त्यांचं वय बोलतं. मुलासाठी आहे. शुक्रवारी नागपुरात गोरेवाडा प्राणीउद्यानाची सफारी करा. बंद बसमधून मोठ्या कुंपणातले वाघ, बिबटे, अस्वलं दिसतात, आणि सासू-सासऱ्यांच्या तब्येतीला ती सगळ्यांत सोयीची. फक्त मुलाला 'बघ, दिसला की नाही वाघ' असं म्हणू नका. हे पाळलेले आहेत, काही जंगलातून पकडून किंवा वाचवून आणलेले आहेत, हे त्याला सरळ सांगा. चार दिवस ठसे मोजलेल्या मुलाला त्यातला फरक तुमच्याआधी कळेल.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय, मुलासाठी दुकानात टांगलेला तो ठिपक्यांचा जंगल ड्रेस घ्यायचा का. लष्करी ठिपक्यांचा नको, साधा खाकी घ्या, सुती. आणि टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी आहे ना ते बघून घ्या. जिप्सीतून उडालेली टोपी आणायला कोणी खाली उतरू देत नाही.